मोठ्या फाइल अपलोडची लोड टेस्ट अडखळते तेव्हा: बाइट कुठे अडकला हे शोधायचं कसं

साध्या वेब पानाच्या लोड टेस्टमध्ये (एकाच वेळी अनेक बनावट युजर सोडून सर्व्हर किती पेलतो ते बघणाऱ्या चाचणीत) रिक्वेस्ट एक-दोन केबीची असते आणि बहुतेक वेळ सर्व्हरच्या आतल्या कामात जातो. अपलोडमध्ये गणित उलटं होतं. २०० एमबीची फाइल पाठवताना जवळजवळ सगळा वेळ बाइट वाहून नेण्यात जातो, ॲप्लिकेशनचा कोड बऱ्याचदा शेवटी थोडा वेळ कामाला लागतो. म्हणूनच नवख्या टेस्टरच्या रिपोर्टमध्ये ‘५० युजरला सर्व्हर बसला’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा प्रत्यक्षात भरलेली असते ती नेटवर्कची लाइन, टेस्ट मशीनची रॅम किंवा सर्व्हरची तात्पुरती डिस्क. ॲप्लिकेशनवर ठपका ठेवायचा तर आधी या तिन्हींना क्लीन चिट देता आली पाहिजे. खालचा क्रम त्यासाठी आहे. तो शक्यतो मोडू नका, कारण प्रत्येक पायरी आधीची पायरी नीट झाली आहे असं धरून चालते.

पायरी १: टूल उघडण्याआधी कागद-पेन

१ जीबीपीएसच्या लाइनवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातात. हेडर वगैरेंचा खर्च वजा करून ११० धरा. ५० युजर एकाच वेळी २०० एमबीची फाइल पाठवत असतील, तर एकूण १०,००० एमबी झाले. भागिले ११०, म्हणजे साधारण ९१ सेकंद. लाइन सगळ्यांत सारखी वाटली गेली, तर प्रत्येक अपलोडला जवळपास ९१ सेकंद लागणारच, मग सर्व्हर कितीही दणकट असो. आता के-सिक्स या लोड टेस्टच्या टूलमध्ये एका रिक्वेस्टचा ठरलेला टाइमआउट ६० सेकंदांचा असतो. तो न बदलता ही टेस्ट चालवली, तर ५० पैकी ५० अपलोड फेल दिसतील आणि त्यात सर्व्हरचा काडीचाही दोष नसेल.

दुसरं गणित खऱ्या युजरचं. १० एमबीपीएस अपलोड गती असलेला माणूस सेकंदाला १.२५ एमबी पाठवतो, म्हणजे २०० एमबीला १६० सेकंद. दर ५ सेकंदांनी एक नवा युजर अपलोड सुरू करतो असं धरा. मग कोणत्याही क्षणी १६० भागिले ५, म्हणजे ३२ अपलोड एकाच वेळी उघडे असतील. तीच टेस्ट सर्व्हरशेजारच्या मशीनवरून चालवली, तर फाइल दोन सेकंदांत आत जाते आणि एका वेळी एकापेक्षा जास्त कनेक्शन उघडंच राहत नाही. डेटा तेवढाच, फाइली तेवढ्याच, पण एका टेस्टमध्ये ३२ कनेक्शन आणि दुसरीत १. कनेक्शनच्या संख्येमुळे येणारे दोष दुसऱ्या टेस्टमध्ये कधीच दिसणार नाहीत.

म्हणून युजरची गती मुद्दाम कमी करावी लागते. जेमीटर या दुसऱ्या टूलमध्ये ‘एचटीटीपीक्लायंट.सॉकेट.एचटीटीपी.सीपीएस’ आणि त्याचीच एचटीटीपीएस आवृत्ती या प्रॉपर्टी आहेत. सेकंदाला किती बाइट जाऊ द्यायचे तो आकडा तिथे द्यायचा. १० एमबीपीएससाठी १२,५०,०००. लिनक्सच्या ‘टीसी’ कमांडनेही गती आवळता येते, पण साध्या मांडणीत ती मर्यादा मशीनवरच्या सगळ्या युजरच्या बेरजेला लागते, प्रत्येकाला वेगळी नाही. अनेक जण इथेच फसतात.

पायरी २: टेस्टची फाइल नीट बनवा

‘ट्रंकेट’ किंवा ‘एफअलोकेट’ने बनवलेली २०० एमबीची फाइल आतून शून्यांनी भरलेली असते. वाटेत कुठे कॉम्प्रेशन असेल, तर ती काही केबीवर येते. साठवणीत डुप्लिकेट ओळखण्याची सोय असेल, तर दुसऱ्या फाइलपासून डिस्कवर काही लिहिलंच जात नाही. आकडे देखणे येतात आणि सगळे खोटे असतात. ‘डीडी’ कमांडला इनपुट म्हणून ‘युरँडम’ द्या, ब्लॉक १ एमबी, काउंट २००. अशी फाइल दाबून लहान होत नाही.

पण ॲप्लिकेशन फाइलचा प्रकार पहिल्या काही बाइटवरून तपासत असेल, तर ही अंदाधुंद फाइल दारातूनच परत जाईल. तेव्हा खऱ्या पीडीएफ, व्हिडिओ किंवा झिप फाइली घ्या. एकच फाइल सगळ्यांना देऊ नका. किमान दहा-वीस वेगवेगळ्या फाइली, वेगवेगळ्या आकाराच्या, आणि प्रत्येक अपलोडला नवं नाव. सारख्या नावामुळे दोन युजर एकमेकांची फाइल पुसून टाकतात आणि तो दोष ॲप्लिकेशनचा आहे की टेस्टचा, हे मग सांगता येत नाही.

पायरी ३: एकच युजर, वाढता आकार

लोड द्यायच्या आधी ‘कर्ल’ या कमांडने एकेक फाइल पाठवून बघा: अर्धा एमबी, ५ एमबी, २० एमबी, ५० एमबी, मग २०० एमबी. यातून वाटेतल्या आकाराच्या मर्यादा बाहेर पडतात, आणि त्या जवळजवळ सगळीकडे असतात. ॲप्लिकेशनच्या पुढे प्रॉक्सी म्हणून, म्हणजे रिक्वेस्ट आधी स्वतः घेऊन मागे देणारा सर्व्हर म्हणून, बसणाऱ्या एन्जिनएक्समध्ये ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’ बदललं नसेल, तर मर्यादा १ एमबी. पीएचपीत ‘अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ’ २ एमबी आणि ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’ ८ एमबी. स्प्रिंग बूटमध्ये एका फाइलला १ एमबी, पूर्ण रिक्वेस्टला १० एमबी. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस वेब सर्व्हरमध्ये ३,००,००,००० बाइट, म्हणजे जेमतेम २८.६ एमबी, आणि तिथे मिळणारा एरर ४१३ (‘रिक्वेस्ट फार मोठी’) नसून ४०४.१३ असतो, त्यामुळे लोक यूआरएल चुकला समजून भलतीकडेच शोधत बसतात. ॲमेझॉनचा एपीआय गेटवे १० एमबीच्या पुढे काही घेत नाही. क्लाउडफ्लेअरच्या मोफत प्लॅनवर १०० एमबीची वेस आहे. एका ठिकाणची मर्यादा वाढवून काम होत नाही, साखळीतली सर्वांत लहान मर्यादाच लागू होते.

इथे दोन चकवे आहेत.

पहिला पीएचपीचा. रिक्वेस्ट ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’पेक्षा मोठी असेल, तर पीएचपी फॉर्मचा डेटा आणि फाइलची यादी दोन्ही रिकामे करून स्क्रिप्ट तशीच चालवतो. स्क्रिप्टने ते तपासलं नाही, तर उत्तर २०० (‘सगळं ठीक’) येतं. फक्त स्टेटस कोड पाहणारी टेस्ट इथे शंभर टक्के पास दाखवेल आणि सर्व्हरवर एकही फाइल नसेल. म्हणून उत्तरातला फाइल आयडी, आकार किंवा चेकसम (हॅशसारखा, फाइलच्या बाइटवरून काढलेला ओळखीचा आकडा) पडताळणारी असर्शन, म्हणजे आपोआप होणारी तपासणी, टेस्टमध्ये घालाच. अधूनमधून एखादी फाइल परत उतरवून हॅश जुळतो का तेही बघा.

दुसरा चकवा जास्त त्रास देतो. सर्व्हरने हेडरमधला आकार पाहून लगेच ४१३ पाठवला आणि कनेक्शन बंद केलं, पण क्लायंट अजून फाइल पाठवतोच आहे. अशा वेळी क्लायंटला ४१३ वाचायची संधीच मिळत नाही. जेमीटरच्या रिपोर्टमध्ये ‘कनेक्शन रिसेट’ किंवा ‘ब्रोकन पाइप’ एवढंच दिसतं आणि सगळे नेटवर्क टीमच्या मागे लागतात. असा एरर दिसला की आधी प्रॉक्सीचा ॲक्सेस लॉग उघडा. तिथे त्याच सेकंदाला ४१३ असेल, तर प्रश्न संपला.

एकच युजर असूनही गती फार कमी आणि लाइन मात्र रिकामी, असं दिसलं तर अंतर तपासा. एचटीटीपी/२ मध्ये सर्व्हर क्लायंटला एका वेळी किती बाइट पाठवायची मुभा देतो, ती सुरुवातीची खिडकी ६५,५३५ बाइटची असते. सर्व्हरने ती वाढवली नाही आणि जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागत असतील, तर गती सेकंदाला साधारण ६४० केबीच्या वर जाणारच नाही. तेच अपलोड एचटीटीपी/१.१ वर सक्तीने करून बघा. लक्षणीय फरक पडला, तर खिडकीच आड येते आहे.

पायरी ४: लोड देणारं मशीन आधी तपासा

अपलोड टेस्टमध्ये सर्वांत आधी मान टाकतं ते बहुतेकदा टेस्टरचंच मशीन.

के-सिक्समध्ये ‘ओपन’ फंक्शन फाइल पूर्णपणे मेमरीत वाचतं आणि ते प्रत्येक व्हर्च्युअल युजरसाठी वेगळं चालतं. २०० एमबीची फाइल आणि ५० युजर म्हणजे नुसत्या प्रतींनाच १० जीबी रॅम, वर मल्टिपार्ट बॉडी (फॉर्म आणि फाइल एकत्र बांधलेला रिक्वेस्टचा मजकूर) बांधताना होणाऱ्या प्रती वेगळ्या. मशीन स्वॅपवर (रॅम संपल्यावर तिच्याऐवजी डिस्क वापरण्यावर) गेलं की गती कोसळते आणि दोष सर्व्हरच्या नावावर पडतो. पायथनमधल्या लोकस्ट या टूलमध्ये नेहमीच्या ‘फाइल्स’ पॅरामीटरने पाठवलं, तर खालची रिक्वेस्ट्स लायब्ररी संपूर्ण मल्टिपार्ट बॉडी मेमरीत तयार करते. ‘रिक्वेस्ट्स-टूलबेल्ट’मधला मल्टिपार्ट एन्कोडर वापरला, तर फाइल तुकड्या-तुकड्याने वाचली जाते. जेमीटरमध्ये फाइल अपलोडच्या टॅबवर फाइलचा पाथ, पॅरामीटरचं नाव आणि माइम टाइप हे तिन्ही भरा आणि मल्टिपार्टचा चेकबॉक्स लावा. पॅरामीटरचं नाव फॉर्ममधल्या नावाशी तंतोतंत जुळलं नाही, तर सर्व्हरला फाइल दिसतच नाही. लोड देताना ग्राफिकल खिडकी बंद ठेवून कमांड लाइनवरून चालवा आणि ‘व्ह्यू रिझल्ट्स ट्री’ काढून टाका. जेमीटरची ठरलेली हीप (त्याला वापरता येणारी मेमरी) १ जीबीच असते, ती आधीच वाढवून घ्या.

टेस्ट चालू असताना या मशीनचे तीन आकडे डोळ्यांसमोर हवेत: मोकळी रॅम, सीपीयू आणि नेटवर्कवरून बाहेर जाणारे बाइट. एचटीटीपीएस असेल, तर एन्क्रिप्शनमुळे सीपीयू अपेक्षेपेक्षा लवकर भरतो. खात्रीची तपासणी एकच: युजर तेवढेच ठेवून ते दोन मशीनवर वाटा. एकूण एमबी प्रतिसेकंद वाढले, तर तोपर्यंत तुम्ही स्वतःचं मशीनच मोजत होता. क्लाउडवरच्या लहान मशीनबाबत आणखी सावध राहा. ‘१० जीबीपीएसपर्यंत’ असं लिहिलेलं असतं, पण तो वेग थोडा वेळच मिळतो आणि मग गती मूळ पातळीवर उतरते.

पायरी ५: लोड पायऱ्यांनी चढवा, आणि योग्य तेच मोजा

१, ५, १०, २०, ५० असे युजर वाढवत न्या आणि प्रत्येक पायरीवर निदान दहा मिनिटं थांबा. दोन मिनिटांची टेस्ट इथे कुचकामी आहे. लिनक्स आलेला डेटा आधी रॅममध्ये ठेवतो आणि मागाहून डिस्कवर उतरवतो. ‘डर्टी_रेशो’ न बदलता ठेवला, तर उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत असा न उतरलेला डेटा साचू शकतो. ३२ जीबी रॅमच्या सर्व्हरवर तो साधारण ६ जीबी. तेवढं भरेपर्यंत सगळं झकास चालतं आणि मग लिहिणाऱ्या प्रोसेस अचानक थबकतात. आलेखात पहिली काही मिनिटं सरळ रेष आणि मग कडा तुटल्यासारखी घसरण दिसली, तर ‘मेमइन्फो’मधले ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ हे आकडे बघा.

रिस्पॉन्स टाइमची सरासरी इथे फारसं काही सांगत नाही, कारण ५ एमबी आणि २०० एमबी एकाच सरासरीत मिसळतात. त्याऐवजी दर सेकंदाला एकूण किती एमबी आत गेले ते मोजा, आणि प्रत्येक अपलोडचा वेळ दोन भागांत तोडा: बाइट पाठवण्यात गेलेला, आणि शेवटचा बाइट गेल्यावर उत्तराची वाट पाहण्यात गेलेला. के-सिक्समध्ये ‘सेंडिंग’ आणि ‘वेटिंग’ असे वेगळे आकडे मिळतात. पुढचं सगळं निदान या फोडीवर उभं आहे.

युजर वाढले, एकूण एमबी तेवढेच राहिले आणि पाठवण्याचा वेळ वाढला, तर लाइन किंवा डिस्क भरली. पाठवण्याचा वेळ तसाच आणि वाट पाहण्याचा वाढला, तर ॲप्लिकेशन किंवा त्यामागची साठवण. एकूण एमबीच घसरले, तर कुठेतरी रॅम संपली आहे किंवा डिस्क एकाच वेळी अनेक ठिकाणी लिहून बेजार झाली आहे.

पायरी ६: डिस्कचा छुपा हिशोब

एक फाइल सर्व्हरवर किती वेळा लिहिली जाते? बहुतेकांचं उत्तर ‘एकदा’ असतं. एन्जिनएक्स मोठी बॉडी आधी स्वतःच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये पूर्ण उतरवून घेतो. मग ती ॲप्लिकेशनला देतो आणि फ्रेमवर्क ती पुन्हा आपल्या टेंपमध्ये लिहितं. मग कोड ती अंतिम जागी हलवतो, आणि ती जागा वेगळ्या फाइल सिस्टिमवर असेल, तर ‘हलवणं’ म्हणजे नुसतं नाव बदलणं न राहता पूर्ण कॉपी होते. तीन वेळा लिहिणं झालं, मधलं वाचणं वेगळंच. ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या जीपी३ व्हॉल्यूमची (डिस्कची) मूळ गती सेकंदाला १२५ एमबी आहे. तिन्ही लिखाणं त्याच व्हॉल्यूमवर होत असतील, तर आत येणारा डेटा सेकंदाला ४० एमबीच्या आसपास पोचला की डिस्क भरली. नेटवर्कची लाइन तोवर निम्मीही वापरलेली नसते.

तपासायला ‘आयओस्टॅट’ चा तपशीलवार पर्याय लावा आणि डिस्कवर लिहिले जाणारे एमबी, आत येणाऱ्या एमबीच्या किती पट आहेत ते काढा. पट दोनपेक्षा जास्त असेल, तर टेंप आणि अंतिम जागा एकाच फाइल सिस्टिमवर आणा, म्हणजे शेवटची कॉपी वाचते.

जागेचंही तसंच. ५० युजर गुणिले २०० एमबी गुणिले दोन टेंप, म्हणजे २० जीबी मोकळी जागा फक्त वाटेतल्या डेटासाठी हवी. टेंप फोल्डर टीएमपीएफएस प्रकारचं असेल, तर ही सगळी जागा रॅममधून जाते आणि कर्नल एखादी प्रोसेस मारून टाकतो. ‘डीमेसेज’च्या लॉगमध्ये त्याची नोंद सापडते. आणखी एक गंमत: एन्जिनएक्स बॉडीची तात्पुरती फाइल उघडताच तिचं नाव पुसून टाकतो. त्यामुळे फोल्डरमध्ये बघावं तर रिकामं, फाइलींच्या आकाराची बेरीज करणारं ‘डीयू’ म्हणतं काही नाही, आणि डिस्कची एकूण वापरलेली जागा सांगणारं ‘डीएफ’ म्हणतं डिस्क ९८ टक्के भरली. ‘एलएसओएफ’मध्ये ‘डिलिटेड’ शिक्का असलेल्या उघड्या फाइली बघा, हरवलेले जीबी तिथे असतात.

पायरी ७: टाइमआउट कोणाचा, ते कोडवरून ओळखा

*४०८:* क्लायंटकडून बाइट यायचे थांबले. एन्जिनएक्सचा ‘क्लायंट_बॉडी_टाइमआउट’ ६० सेकंदांचा आहे, पण तो पूर्ण अपलोडला नाही, दोन वाचनांमधल्या शांततेला लागतो. त्यामुळे हा एरर आला, तर युजर नुसता हळू नाही, पार अडकलेला आहे. बहुतेक वेळा लोड देणारं मशीन स्वॅपवर गेलेलं असतं.

*४९९:* क्लायंटनेच कंटाळून कनेक्शन तोडलं. म्हणजे तुमच्या टूलचा टाइमआउट. पायरी १ मधल्या अपेक्षित वेळेच्या दुप्पट तरी ठेवा.

*५०४:* फाइल पोचली, पण ॲप्लिकेशनने उत्तर द्यायला उशीर केला. एन्जिनएक्सचा ‘प्रॉक्सी_रीड_टाइमआउट’ ६० सेकंद, ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचा (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरवर वाटणाऱ्या सेवेचा) निष्क्रियता टाइमआउटही ६० सेकंद. बाइट वाहत असेपर्यंत दोन्ही गप्प असतात, शेवटच्या बाइटनंतर घड्याळ सुरू होतं.

*५०२:* मागची प्रोसेस मध्येच मेली. पायथन ॲप्लिकेशन चालवणाऱ्या गनिकॉर्नचा सिंक वर्कर (एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) ३० सेकंद अडकून राहिला की मुख्य प्रोसेस त्याला ठार करते आणि लॉगमध्ये ‘वर्कर टाइमआउट’ अशी ओळ येते.

५०४ वर टाइमआउट वाढवून मोकळं होणं हा लोकप्रिय उपाय आहे आणि तो बहुधा चुकीचा असतो. शेवटच्या बाइटनंतर ६० सेकंद काय चाललंय ते आधी शोधा. व्हायरस स्कॅन, हॅश काढणं, थंबनेल बनवणं, ऑब्जेक्ट स्टोरेजवर पुन्हा अपलोड करणं, यातलं काहीतरी रिक्वेस्टच्या आतच चालू असतं. ते रांगेत टाकून क्लायंटला लगेच २०२ (‘मिळालं, काम नंतर होईल’) द्या. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन अपलोड सुरू होताना उघडून संपेपर्यंत धरून ठेवलं असेल, तर कनेक्शन पूल (डेटाबेसच्या कनेक्शनचा मर्यादित साठा) आधी संपेल आणि फाइलशी संबंध नसलेली पानंही बंद पडतील. म्हणूनच टेस्टमध्ये अपलोडसोबत लॉगिन किंवा यादीसारखी एक-दोन साधी पानं सतत चालू ठेवा. अपलोडच्या धक्क्याने तीही मंदावतात का, हे कळणं बऱ्याचदा अपलोडच्या वेळेपेक्षा जास्त महत्त्वाचं असतं.

‘प्रॉक्सी_रिक्वेस्ट_बफरिंग’ (एन्जिनएक्सने बॉडी आधी पूर्ण उतरवून घेणं) बंद केलं तर डिस्कवरचं एक लिखाण वाचतं, हे खरं. पण मग हळू युजर थेट ॲप्लिकेशनचा वर्कर अडवून बसतो. आठ सिंक वर्कर असतील, तर १६० सेकंद घेणारे आठ जण सगळी साइट थांबवतात. असिंक्रोनस सर्व्हर नसेल, तर बफरिंग चालूच ठेवलेलं बरं.

पायरी ८: तुकड्यांनी अपलोड असेल तर

फाइल तुकड्यांत येत असेल, तर टेस्ट स्क्रिप्टनेही तसंच वागलं पाहिजे: सुरुवातीची रिक्वेस्ट, तिच्या उत्तरातला अपलोड आयडी, प्रत्येक तुकडा, शेवटी जोडणी. नेहमीचा दोष असा: एक युजर असताना सगळं नीट, लोड बॅलन्सरमागे दुसरा सर्व्हर लावला की ‘अपलोड आयडी सापडला नाही’. पहिला तुकडा एका सर्व्हरच्या लोकल डिस्कवर आणि दुसरा दुसऱ्यावर गेलेला असतो. तुकडे सामायिक साठवणीत ठेवा. तुकड्यांचा आकारही बघा. ॲमेझॉनच्या एसथ्री साठवणीत शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा लागतो आणि एकूण तुकडे १०,००० च्या पुढे जाऊ शकत नाहीत. जोडणीची शेवटची रिक्वेस्ट स्वतंत्र नावाने मोजा, कारण लोडखाली सर्वांत आधी तीच ताणते. एखादा तुकडा मुद्दाम दोनदा पाठवूनही बघा, खऱ्या नेटवर्कवर क्लायंट पुन्हा प्रयत्न करतो तेव्हा नेमकं हेच होतं.

प्रत्येक फेरीनंतर साफसफाई

५० युजर दहा मिनिटांत सहज ५०-६० जीबी टाकून जातात. ते न काढता पुढची फेरी सुरू केली, तर निम्म्यात डिस्क भरून ५०० चे एरर येतील. अपलोड केलेल्या फाइली, डेटाबेसमधल्या त्यांच्या नोंदी, फ्रेमवर्कचं टेंप फोल्डर आणि रांगेत उरलेली कामं, चारही साफ करा. रांग रिकामी होईपर्यंत थांबणं लोक विसरतात आणि मग मागच्या फेरीचे थंबनेल पुढच्या फेरीचा सीपीयू खातात. एसथ्रीवर मध्येच सुटलेल्या मल्टिपार्ट अपलोडचे तुकडे नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांचं बिल येत राहतं. ते आपोआप काढणारा लाइफसायकल नियम बकेटवर (एसथ्रीतल्या तुमच्या फाइलींच्या कप्प्यावर) पहिल्या फेरीआधीच लावून ठेवा.